दिवंगत ग्रामस्थांची स्मृतिनोंद (सातारा व सांगली जिल्हे)

गावातल्या किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या मृत व्यक्तीचे नाव, जन्म-मृत्यू, नातेसंबंध, सासर-माहेर, कामधंदा आणि राहण्याची जागा यांची पुराव्यासह लिहून ठेवलेली माहिती म्हणजे स्मृतिनोंद. कुलवृत्तांत एका आडनावाचा असतो, स्मृतिनोंद गावाची असते. त्यामुळे भावकीबरोबर बलुतेदार, शेतमजूर, लग्न होऊन आलेल्या सुना, पोटी संतान नसलेली जोडपी आणि लहानपणीच गेलेली मुले यांनाही तिच्यात जागा मिळते. वतन किंवा जमीन असलेल्या घराण्यांचा कागद कुठे ना कुठे सापडतो. नोंद करणाऱ्याचे खरे कष्ट बाकीच्यांसाठी असतात आणि ते घेतले नाहीत तर तयार होते ती गावची नव्हे, पाटील-कुलकर्ण्यांची नोंद.

या दोन जिल्ह्यांत बहुतेक मृतांचे दहन होते. रक्षा संगम माहुलीला, कराडच्या प्रीतिसंगमावर, हरिपूरला किंवा गावच्या ओढ्या-नदीत सोडतात. अलीकडे ती शेतात टाकून वर झाड लावण्याची पद्धतही रुजली आहे. नाव कोरलेला दगड मागे राहत नाही. मुस्लिम कबरस्ताने, ख्रिस्ती दफनभूमी, लिंगायतांच्या आणि गोसाव्यांच्या समाध्या हे अपवाद, आणि तिथेही सामान्य माणसाच्या जागेवर अक्षर नसते. जुन्या देवळांजवळच्या वीरगळांवर (लढाईत पडलेल्यांच्या स्मरणशिलांवर) बहुधा लेख नसतो, त्यामुळे माणूस ओळखायला त्यांचा उपयोग नाही. माहिती शोधायची ती कागदात, भांड्यांवर, तिथीत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी.

कागद कुठे असतो

आधी गाव कोणाच्या अमलाखाली होते ते पाहावे. तासगाव, खानापूर, वाळवा आणि शिराळा हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही १९४८ पर्यंत संस्थाने होती. आटपाडी औंध संस्थानात होती. संस्थानी गावाचा जुना कागद इंग्रजी अमलातल्या जिल्ह्याच्या दप्तरात शोधत बसल्याने कित्येकांचे हेलपाटे वाया जातात.

जन्म-मृत्यूचे जुने रजिस्टर म्हणजे गाव नमुना १४. कोतवाल खबर आणायचा म्हणून त्याला कोतवाल बुकही म्हणतात. ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळते. जुनी पाने मोडीत असतात. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना ही रजिस्टरे मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आणि बरीच स्कॅन झाली, त्यामुळे मूळ दप्तर मागण्याआधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर पाहावे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालील नोंदी गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात नगरपरिषद किंवा महापालिकेकडे असतात. त्या कायद्याच्या कलम १७ खाली नोंदीचा शोध आणि दाखला मागता येतो. अर्जात नुसते नाव न देता पाच वर्षांचा टप्पा द्यावा. नाव वेगळे लिहिलेले असले तरी लिपिकाला पाने चाळता येतात.

मृत्यूची नोंद होते ती मृत्यू झाला तिथे. हे ध्यानात न घेतल्याने सगळ्यांत जास्त माणसे ‘सापडत नाहीत’. पाटण-जावळीकडचा गिरणी कामगार किंवा माथाडी मुंबईत वारला, की त्याची नोंद मुंबईत. विटा-आटपाडीकडचे गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी तमिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत पसरले, त्यांची नोंद तिकडच्या शहरात. आजारपणात मिरजेच्या दवाखान्यात गेलेल्याची नोंद मिरजेत. लेकीची नोंद सासरच्या गावी. म्हणून ‘कुठे वारले’ हा प्रश्न ‘कधी वारले’च्या आधी विचारावा. मुंबईत गेलेल्यांसाठी गावच्या ग्रामस्थ मंडळाची सभासद यादी आणि वर्गणीची वही ही हमखास उपयोगी पडते.

नात्यांसाठी सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे वारसाचा फेरफार, म्हणजे खातेदार वारल्यावर जमिनीच्या दप्तरात वारसांची नावे लावल्याची नोंद. गाव नमुना ६ फेरफारांचा, ६-क वारसांचा. जुन्या नोंदीची भाषा ठरलेली असते. ‘राम बिन गणू’ म्हणजे गणूचा मुलगा राम. ‘सखू कोम भाऊ’ किंवा ‘सखू मर्द भाऊ’ म्हणजे भाऊची बायको सखू. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मूल लहान असताना बाप गेला, एवढे त्या तीन अक्षरांतून कळते. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ. त्याच्या एकट्याच्या नावावर सातबारा आहे म्हणून धाकटे भाऊ नव्हतेच असे धरू नये. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. कर्ज काढायची किंवा वाटणीची वेळ येईपर्यंत वारस लावायचे राहून जाते, आणि दोन्ही तारखांत दहा-वीस वर्षांचे अंतर सहज पडते.

शाळेच्या जनरल रजिस्टरात बापाचे नाव, जात, गाव आणि शाळा सोडल्याचे कारण असते. जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुतेक वेळा गुरुजींनी घातलेली असते. ती उतरवून घ्यावी, पण पुढे ‘शाळेच्या दाखल्यानुसार’ असे लिहावे.

दक्षिणेकडच्या गावांत हेळवी येतात. सुगी झाल्यावर, काही वर्षांच्या अंतराने, बैल घेऊन फिरणारे हे वंशावळीचे जाणकार ठरावीक घरांच्या पिढ्या वहीत ठेवतात, दारात बसून वाचून दाखवतात, नवी नावे भरतात आणि धान्य किंवा पैसे घेऊन पुढे जातात. वही बहुधा पुरुषांचीच असते. पण मूळ गाव कोणते आणि घराणे तिथून कधी हलले याची माहिती दुसरीकडे क्वचितच मिळते. वाचन चालू असताना परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे. वही हिसकून फोटो काढू नयेत, तो त्यांचा पिढीजात व्यवसाय आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत यात्रेला गेलेल्याने स्वतः सांगितलेली नावे असतात. तिथे आडनावाबरोबर मूळ गावही सांगावे लागते.

पहिल्या महायुद्धात माणसे गमावलेल्या गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत इंग्रजी राजवटीने बसवलेली संगमरवरी पाटी दिसते. तिच्यावर गेलेल्यांची आणि परत न आलेल्यांची संख्या असते, नावे नसतात. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. नावांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी पाहावी. तिच्यात शिपायाचे नाव, पलटण आणि पुष्कळदा बापाचे नाव व गाव असते. इंग्रजी स्पेलिंग कानावर पडले तसे लिहिलेले असल्याने एकच गाव चार तऱ्हांनी शोधावे लागते. ९ सप्टेंबर १९४२ चा वडूजचा मोर्चा किंवा २४ जुलै १९४३ ला फोडलेला सांगलीचा तुरुंग यांतल्या हुतात्म्यांची नावे स्मारकांवर आहेत. त्यांच्या आया-बायकांची नावे मात्र घरी जाऊनच विचारावी लागतात.

भांडी, फरशा आणि फोटो

तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत स्मृतिनोंदीच्या फार कामी येते. लग्नातल्या हंड्यावर किंवा घागरीवर नवरीचे नाव, देणाऱ्याचे नाव व नाते, गाव आणि तारीख ठिपक्यांनी कोरलेली असते. आजीचे माहेरचे आडनाव कोणाला आठवत नसेल तर माळ्यावरची भांडी उतरवावीत. अक्षरे झिजली असतील तर भांडे चिंचेने घासू नये, उरलेली खूणही जाते. अंधारात एका बाजूने बॅटरीचा तिरपा उजेड टाकून फोटो घ्यावा. देवळातल्या फरशा, शाळेचे पंखे, एसटी थांब्यावरची बाके यांवरही ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’ असे नाव आणि देणगीदाराचे नाते असते. जीर्णोद्धारात फरशी निघते आणि तिच्याबरोबर नाव जाते, म्हणून काम सुरू व्हायच्या आत फोटो काढावेत.

भिंतीवरचा हार घातलेला फोटो ओलीने काचेला चिकटला असेल तर ओढू नये, काचेसकट फोटो घ्यावा. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, त्याचाही घ्यावा. फोटोच्या मागे लिहायचे ते मऊ शिसपेन्सिलीने, बॉलपेनने नव्हे.

तिथी आणि सन

घराला मृत्यूची तारीख आठवत नाही, तिथी आठवते. पितृपक्षात जेवणाचे पान वाढतात ती तिथी पक्की, पण तिच्यावरून महिना आणि पक्ष कळत नाही. माघ शुद्ध पंचमीला गेलेल्याचे आणि आषाढ वद्य पंचमीला गेलेल्याचे, दोघांचेही महालय भाद्रपद वद्य पंचमीलाच होते. वर्षश्राद्ध कधी करायचे ते विचारावे, त्यात महिना येतो. ‘अविधवा नवमीला घालतात’ याचा अर्थ बाई नवरा हयात असताना गेली, नवमीला गेली असे नव्हे.

शकाच्या वर्षात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या दिवसांना ७९ मिळवावे. इथले फसली (महसुली) साल मृगाला सुरू होते, त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९० आणि पुढे ५९१ मिळवावे. फसली १३०० म्हणजे जून १८९० ते जून १८९१.

साल आठवत नसेल तर मोठ्या घटनेचा आधार घ्यावा. शके १८४० च्या दसरा-दिवाळीच्या सुमाराची मानमोडी (१९१८ चा इन्फ्लुएंझा), पत्री सरकारचा काळ, गांधीहत्येनंतरचे १९४८ चे जळीत, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ. ‘भूकंपात हे मूल पाळण्यात होते की चालत होते?’ या प्रश्नाला म्हातारी माणसे न अडखळता उत्तर देतात. ‘कितव्या साली?’ ला देत नाहीत. मानमोडीत एका घरातली तीन-चार माणसे गेल्याने वंशावळीतली ती फळी रिकामी दिसते. ते नोंदीतले वैगुण्य समजू नये.

बायकांची नावे

वंशावळीत ‘पत्नी’ एवढेच लिहून पुढे जाणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे. लग्नात नाव बदलले जात असल्याने एका बाईची निदान दोन नावे असतात. दोन्ही लिहावीत, माहेरचे गाव आणि आडनाव लिहावे. लेकींचा शोध हक्कसोडपत्रात लागतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बहिणींची नावे वारस म्हणून लागू लागली, आणि भावांसाठी हक्क सोडताना केलेल्या दस्तात त्यांची सासरची पूर्ण नावे, वये आणि गावे आली. हे कागद भावांच्या पेटीत असतात. मागताना जमिनीचा विषय निघून मने कलुषित होऊ शकतात, म्हणून फक्त नावाचे पान पाहायला मागावे.

घरात विचारायचे तर सर्वांत थोरल्या आत्याबाईंना किंवा आक्कांना आधी. त्यांना माहेर आणि सासर अशा दोन्ही गावांची नाती ठाऊक असतात. दुपारी, घरातले पुरुष रानात गेल्यावर बसावे. कर्ता मुलगा शेजारी असला की उत्तरे तोच देतो. दोन जणांनी जावे, एकाने बोलावे, एकाने लिहावे. तासाभराच्या वर ताणू नये. मेलेल्या लेकराची आठवण निघाली तर वही मिटावी.

नोंद लिहिणे

निधनवार्तेचा साचा सगळ्यांना पाठ आहे: ‘यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन सकाळी नऊ वाजता.’ त्यात माणूस नसतो. स्मृतिनोंदीत कागदावरचे नाव आणि हाकेचे नाव दोन्ही हवीत, कारण ज्याला सारे गाव बापू म्हणायचे त्याचे नाव रामचंद्र होते हे नातवालाही माहीत नसते. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजामुळे राम गणू, गणू राम, पुन्हा राम गणू अशी साखळी होते. दोन पिढ्या एक समजल्या जाऊन माणूस एकशे तीस वर्षे जगल्याचे दिसू लागते. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि जन्माचे अंदाजे साल घालावे. पुढे एक-दोन वाक्ये कामाची लिहावीत: कुठल्या मळ्यात मोट हाकली, कुठल्या गिरणीत कोणत्या खात्यात होते, बाळंतपणाला कुणाकुणाच्या घरी गेल्या. प्रत्येक तपशिलापुढे तो कशावरून ते लिहावे: फेरफार क्रमांक, भांडे, की कोणाचे सांगणे. दोन पुरावे जुळत नसतील तर दोन्ही ठेवावेत.

आत्महत्या, कुष्ठरोग, घर सोडून जाणे, दुसरे लग्न या गोष्टी कुटुंबाच्या संमतीशिवाय छापू नयेत. हयात माणसांची जन्मतारीख आणि मृत्यूच्या दाखल्यांचे फोटो उघडे टाकू नयेत, त्यांच्या आधारे फसवणूक होते. स्मृतिनोंद हा वारसाचा पुरावा नाही, हे पहिल्याच पानावर लिहावे. नाहीतर वाटणीच्या भांडणात वही ओढली जाते आणि पुढच्या घराचे दार बंद होते.

जतन

कृष्णाकाठच्या गावांत कागदाचा पहिला शत्रू पूर. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत घरोघरच्या पेट्या भिजल्या, २०१९ मध्ये सांगलीच्या नगर वाचनालयाचीही मोठी हानी झाली. भिजलेली वही उन्हात टाकू नये, पाने वाकतात आणि शाई फुटते. सावलीत, पंख्याखाली, काही पानांआड कोरा टिपकागद घालून, तो बदलत वाळवावी. चिकटलेली पाने ओली असताना सोडवू नयेत. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात हात पोचणार नसेल तर वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून शीतपेटीत गोठवावी आणि सवडीने एकेक काढावी.

तयार नोंदीच्या किमान तीन प्रती असाव्यात: एक गावातल्या वाचनालयात, एक मुंबई-पुण्याच्या ग्रामस्थ मंडळाकडे, एक पूररेषेच्या वरच्या घरात. गावच्या यात्रेला बाहेरगावची माणसे येतात, तेव्हा पारावर कच्ची प्रत वाचून दाखवावी. दुरुस्त्या तिथेच निघतात. चूक खोडू नये, तिच्यावर एक रेघ मारून शेजारी सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी.