मुंबईच्या शाळांमधली मंडळं, क्लब आणि स्पर्धा आल्या कुठून

सध्या शाळांमध्ये बिनदप्तराच्या दिवसांची चर्चा चालू आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दिवस दप्तराशिवाय ठेवायला सांगितलंय, त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा लोकांकडे जाऊन कामं बघायची, करायची. अभ्यास एकीकडे आणि खेळ-कला दुसरीकडे अशी भिंत नको हेही त्यात आहे. चांगलंच आहे. पण यावर बोलताना बरेच पालक असं धरून चालतात की शाळेतली मंडळं, क्लब, स्पर्धा म्हणजे सरकारने नाहीतर मॅनेजमेंटने मुलांना दिलेलं काहीतरी जादाचं. मुंबईपुरतं बघाल तर यातलं बरंचसं आधी विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आणि आजूबाजूच्या माणसांनी उभं केलं, सरकारी कागद मागून आला.

सुरुवात शोधायची तर 1848 पर्यंत मागे जावं लागतं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनाने स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी या तरुणांमधलेच, पुढे डॉ. भाऊ दाजी लाड तिचे अध्यक्ष झाले. काम काय, तर जमायचं, कुणीतरी निबंध वाचायचा आणि मग त्यावर वाद घालायचा. आता हे इंग्रजीत चाललेलं घरच्यांना, गल्लीतल्या लोकांना काय कळणार, म्हणून मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. तेवढ्यावर थांबली नाहीत ही मुलं. 1849 मध्ये त्यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केल्या आणि शिकवायला कोण, तर हेच सोसायटीचे मेंबर, सकाळी आपापल्या कामावर जायच्या आधी, एक पैसा न घेता. जागा ओळखीच्या लोकांच्या घरात. नाना शंकरशेटांनी गिरगावात आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली, त्या काळात मुलींना शिकवायला लोकांचा किती विरोध होता ते लक्षात घेतलं की या जागेची किंमत कळते. म्हणजे वादविवाद मंडळातून शाळा निघाल्या! आज आपण शाळेत वादविवाद मंडळ असावं का यावर मीटिंगा घेतो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. सोसायटीची गिरगावातली मुलींची शाळा पुढे कित्येक पिढ्या चालली.

खेळाचं बघा. लॉर्ड हॅरिस 1890 ते 1895 मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्या नावाची हॅरिस शील्ड ही शाळाशाळांमधली क्रिकेट स्पर्धा 1893 च्या सुमाराची, त्यानंतर 1901 मध्ये लहान मुलांसाठी जाइल्स शील्ड आली. शील्ड साहेबाची खरी, पण ती जिवंत ठेवली ती शाळांच्या पीटीच्या सरांनी आणि मैदानावरच्या कोचनी. आझाद मैदानात 22 पिचेस आहेत, एका मॅचचा फिल्डर दुसऱ्या मॅचच्या अंपायरला पाठ लावून उभा असतो आणि त्या गर्दीत शाळकरी पोरं दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या मॅचेस खेळतात. बाहेरच्या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही कोण कुठली मॅच खेळतोय. फेब्रुवारी 1988 मध्ये शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने सेंट झेवियर्सविरुद्ध 664 रनांची नाबाद भागीदारी केली, सचिन 326, विनोद 349, ती हॅरिस शील्डमध्येच. हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्यामागची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते मला. सचिन आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता, कोच रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून तो दादरला शारदाश्रममध्ये गेला, कारण तिथली टीम तगडी होती. एका शाळेच्या टीमसाठी मुलगा शाळा बदलतो आणि घरचे त्याला साथ देतात, एवढं वजन होतं या स्पर्धांना. 2013 मध्ये पृथ्वी शॉने 546 केले तेही याच शील्डमध्ये. याची दुसरी बाजूही आहे, चांगली मुलं चार-पाच शाळांमध्ये गोळा झाली की साध्या शाळेच्या अकरा पोरांना पहिल्याच राउंडला घरी जावं लागतं आणि मग पुढच्या वर्षी टीम उतरवायची का असा प्रश्न येतो. ते वाईट आहे, कारण हरायला का होईना पण मैदानात उतरलेली मुलं वेगळीच होतात.

क्रिकेट सोडून पण मैदानं होती. दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर 1925 चं, काळे गुरुजींनी सुरू केलेलं, शाळा सुटल्यावर मुलं तिथे मल्लखांबाला जायची आणि अजून जातात. 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली ती तिथेच शिवाजी पार्कात, आणि त्यामागे राबलेले उदय देशपांडे सर याच व्यायाम मंदिराचे, त्यांना 2024 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

सरकारी बाजू थोडक्यात. स्काउट भारतात 1909 ला आलं पण सुरुवातीला भारतीय मुलांना प्रवेश नव्हता, वेगवेगळ्या संघटना झाल्या आणि स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 ला त्या एकत्र येऊन भारत स्काउट्स झाली, गाइड्स पुढच्या वर्षी आल्या. एनसीसी 1948 ची. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या 1952-53 च्या मुदलियार आयोगाने हे सगळे उपक्रम शिक्षणाचाच भाग आहेत असं लिहून दिलं. तेव्हाच लिहिलंय, तरी आपण अजून तेच नव्याने मांडतोय.

नाटकाबद्दल मात्र जरा थांबून सांगावंसं वाटतं. 1959 मध्ये सुधा करमरकरांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने लिटल थिएटर सुरू केलं, मुलांचं नाटक म्हणजे गॅदरिंगमधली पंधरा मिनिटं नाही, त्यालाही नीट नेपथ्य, लाइट, तालमी पाहिजेत हा त्यांचा आग्रह. आणि दादरच्या छबिलदास शाळेत सुलभा देशपांडे शिक्षिका होत्या, शाळेतल्या मुलांची नाटकं बसवत होत्या. पुढे त्यांची, अरविंद देशपांड्यांची आणि अरुण काकड्यांची 'आविष्कार' ही संस्था 1974 च्या सुमारास त्याच शाळेच्या हॉलमध्ये आली आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीला अख्खी चळवळ मिळाली, जिला आपण आजही छबिलदास चळवळच म्हणतो. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. मुलांसाठी आविष्कारची चंद्रशाला ही शाखाही निघाली. एका शाळेने आपला हॉल संध्याकाळी उघडा ठेवला त्याचा हा परिणाम. आज बऱ्याच शाळांचे हॉल संध्याकाळी लग्नाला नाहीतर क्लासला भाड्याने जातात, शाळांना पैसे लागतात हे मान्य, पण आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांच्या तालमीला ठेवता येते.

विज्ञानाचंही असंच, शिक्षकांच्या हट्टातून आलेलं. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने 1981 मध्ये डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. आधी लेखी, मग प्रॅक्टिकल, मग प्रोजेक्ट आणि मुलाखत. प्रॅक्टिकलला एकदम बरीच मुलं गळतात, कारण पुस्तक पाठ असतं पण हातात टेस्ट ट्यूब कधी धरलेली नसते, आणि शाळेची लॅब कपाटात बंद आहे की वापरात आहे ते तिथे लगेच दिसतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा तर घराघरात माहीत आहेत, दहावीत सवलतीचे गुण मिळतात म्हणून गर्दी असते, पण त्या निमित्ताने कितीतरी मुलांनी पहिल्यांदा पोस्टर कलरची बाटली विकत घेतलेली असते.

आता प्रश्न असा की मंडळ चालवणार कोण. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामं द्यायची नाहीत असं आहे, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक त्यातून वगळलीय, त्यामुळे मतदार याद्यांचं काम शिक्षकांकडे येतंच. मराठी माध्यमाच्या शाळांचे वर्ग कमी होत चालले, पट घटला की शिक्षक सरप्लस ठरतो आणि दुसऱ्या शाळेत जातो, त्यात नाटक बसवणारे सर किंवा विज्ञान मंडळ बघणाऱ्या बाई गेल्या की त्यांच्याबरोबर मंडळही जातं, कारण ते कुठल्या रजिस्टरवर नव्हतंच, त्या माणसाच्या अंगावर होतं. मुलं संध्याकाळी क्लासला आणि जे सर उरलेत ते यादीच्या कामाला. बिनदप्तराचे 10 दिवस ठरवताना शाळांनी आधी हे बघावं की वर्षभर मंडळ सांभाळणाऱ्या शिक्षकाला टाइमटेबलमध्ये आठवड्याचे दोन तास मिळतात का, आणि ते त्याच्या वर्कलोडमध्ये धरले जातात का.