मध्य, मध्यक, बहुलक: ही तिघं आली कुठनं?

आमच्या कोल्हापुरात आठवीच्या वर्गात फळ्यावर "मध्य" असं लिहिलं की कुठलं ना कुठलं पोरगं ओरडतंयच, "सर, मधला आकडा!" आणि दरवर्षी मला सांगावं लागतं की नाही बाबा, मधला आकडा म्हणजे मध्यक, मध्य म्हणजे सगळ्यांची बेरीज करून भागायचं ते. यात पोराची चूक काय हो? घरात, रस्त्यावर, सगळीकडं मध्य म्हणजे मधलंच असतंय की, आणि पुस्तकानं नेमका तोच शब्द सरासरीला देऊन टाकलाय, खऱ्या मधल्याला नुसता एक 'क' जादा. बीएडला आम्हाला हेच मध्यमान, मध्यांक, बहुलांक अशा नावांनी होतं, त्यामुळं स्टाफरूममध्ये जुने सर एक बोलतात, पुस्तक दुसरं बोलतं. सेमीची पोरं मीन, मेडियन, मोड म्हणतात, त्यांचा हा घोळ होत नाही, पण मीन म्हटल्यावर एक जण रास सांगतो आणि एक जण रंकाळा तलावातला मासा.

तर मी मागच्या मे महिन्यात जरा वाचत बसलो की ही तिघं मुळात आली कुठनं. आणि वाचता वाचता कळलं ते असं की ही सख्खी भावंडं नाहीतच. तिघांची गावं वेगळी, कामं वेगळी, वयात तर हजार-दोन हजार वर्षांचा फरक, आपण त्यांना एका धड्यात शेजारी शेजारी बसवलंय आणि मग पोरं गोंधळली की त्यांच्यावर वैतागतोय.

सरासरीपासून सुरू करू, कारण ती आपल्या घरची आहे. भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालची, त्यात खड्डे खणण्याचं एक प्रकरण आहे, खातव्यवहार म्हणतात त्याला. तिथं एक उदाहरण आहे ते मी हल्ली पुस्तकातल्या सूत्राच्या आधी घेतो. खड्डा वाकडातिकडा आहे. लांबी तीन ठिकाणी मोजली तर १०, ११, १२ हात भरली, रुंदी ६, ५, ७ हात आणि खोली २, ४, ३ हात. आता माती किती निघाली? भास्कराचार्य म्हणतात जितक्या ठिकाणी मोजलं त्या सगळ्याची बेरीज करा, ठिकाणांच्या संख्येनं भागा, त्याला त्यांनी शब्द वापरलाय सममिती. म्हणजे लांबी ११, रुंदी ६, खोली ३, गुणाकार १९८ घनहस्त. झालं. आमच्या वर्गात निम्मी पोरं करवीर तालुक्यातल्या खेड्यांतनं येतात, विहीर खणताना, शेततळं काढताना बघितलेली, जेसीबीवाला बिल कसं लावतो हेही त्यातल्या एक-दोघांना माहीत, त्यामुळं हे उदाहरण टाकलं की वर्ग जागा होतो. एका पोरीनं तर सूत्र यायच्या आधीच सांगितलं, "म्हणजे उंचवट्याची माती खड्ड्यात ढकलायची आणि सगळं सारखं करायचं." मध्य म्हणजे काय हे मला इतकं स्वच्छ सांगता आलं नसतं. शब्द बघा ना, सममिती, सम करणं. हाच शब्द पुस्तकात राहिला असता तर माझं दरवर्षीचं घसा फोडणं वाचलं असतं असं मला राहून राहून वाटतं.

आपण बोलताना वापरतो तो "सरासरी" हा शब्द फारसीतनं आलाय, सरासर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि इंग्रजीतला ॲव्हरेज? त्याची गंमत वेगळीच आहे. अरबीत अवार म्हणजे मालाचं नुकसान, तिथनं भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांकडं, इटालियनमध्ये अवारिया झाला. जहाज वादळात सापडलं, वजन कमी करायला काही माल समुद्रात फेकला, तर ज्याचा माल गेला त्यानं एकट्यानं का सोसायचं, म्हणून तो तोटा सगळ्या मालकांवर त्यांच्या मालाच्या हिशोबानं वाटून टाकायचा. सहलीच्या बसचा एक टायर फुटला आणि खर्च सगळ्यांनी वाटून घेतला तसं. समुद्री विम्यात हा शब्द अजून याच अर्थानं चालतो.

पण एक गोष्ट मला नवीन होती. सरासरीवर शास्त्रज्ञांचासुद्धा लगेच विश्वास बसला नव्हता. ग्रहताऱ्यांची मापं घेताना प्रत्येक वेळी थोडा फरक यायचा, तेव्हा बरेच जण म्हणायचे की एकच माप घ्या पण नीट घ्या. थॉमस सिम्प्सन नावाच्या गणितज्ञानं १७५५ साली रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून गणितानं दाखवलं की एका मापावर भिस्त ठेवण्यापेक्षा अनेक मापांची सरासरी बरी. म्हणजे लीलावतीतला खड्डा भरून सहाशे वर्षं झाल्यावर तिकडं हा वाद चालू होता (हे वर्गात सांगितलं की पोरं टाळ्या वाजवतात, मी वाजवू देतो). मग बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ केटले आला, त्यानं १८३५ मध्ये ही सरासरी ताऱ्यांवरनं उचलून माणसांना लावली, "सरासरी माणूस" अशी कल्पनाच मांडली. इथनं पुढं सरासरी डोक्यावर चढली ती चढलीच.

आणि ती कुठं फसवते ते बघायला आपला जिल्हा पुरे. पावसाळ्यात बातमी येते, जिल्ह्यात सरासरी इतका मिलिमीटर पाऊस. आता गगनबावड्यात छत्री उलटी होऊन घरात पाणी आणि तिकडं शिरोळमध्ये धुरळा, दोन्हीकडच्या वर्षभराच्या पावसात कैकपटीचा फरक, आणि ही दोन्ही एकाच बेरजेत. तो सरासरी आकडा जिल्ह्यात खरा कुठल्या गावात पडला असं विचारलं की पोरं एकमेकांकडं बघतात. शिरोळचं पोरगं असेल तर वर आणखी ऐकवतं, "पाऊस त्यांच्यात आणि पूर आमच्यात."

आता बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा. हा नावानं सगळ्यात धाकटा पण कामानं बहुतेक सगळ्यात थोरला निघाला. इसवी सनाच्या आधी ४२८ साल, ग्रीसमध्ये प्लाटेआ नावाच्या गावाला वेढा पडलेला, शत्रूनं गावाभोवती विटांची भिंतच बांधून काढलेली. आतल्या लोकांना शिड्या लावून निसटायचं होतं, पण शिडी किती उंच करायची? भिंतीजवळ जाऊन टेप लावायची सोय नाही. मग भिंतीचा जो भाग गिलावा न केलेला होता तिथले विटांचे थर लांबनं मोजायचे ठरलं, एकानं नाही, पुष्कळ जणांनी, पुन्हा पुन्हा. काहींचं चुकणारच, पण बहुतेकांचा जो आकडा येईल तो बरोबर असणार, असा त्यांचा हिशोब होता. थुसिडिडीस या इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. त्या आकड्याला एका विटेच्या जाडीनं गुणून शिड्या केल्या आणि वाऱ्यापावसाच्या काळोख्या रात्री २१२ माणसं निसटली.

कोल्हापुरात हे सांगताना वेगळी तयारी लागत नाही. वेढा, पावसाळी रात्र, निसटणं, एवढं म्हटलं की पोरं १६६० च्या पन्हाळ्यावर पोचलेली असतात, मग सिद्दी जौहर, बाजीप्रभू, पावनखिंड, आणि मला त्यांना ओढून परत विटांवर आणावं लागतं. पण लक्षात राहतं ते कायमचं. इथं बेरीज-भागाकार का केला नाही असं विचारलं तर पोरंच सांगतात, एखादा झोपेत मोजत असला तर त्याच्यामुळं सगळ्यांची शिडी आखूड पडंल.

नाव मात्र फार उशिरा मिळालं. कार्ल पिअर्सन या इंग्लिश गणितज्ञानं १८९५ साली "मोड" हा शब्द सांख्यिकीत आणला. फ्रेंचमध्ये मोड म्हणजे फॅशन, जे जास्त चालतंय ते. म्हणून बहुलक शिकवायला मी चप्पल लाईनवर जातो, म्हणजे तोंडानं जातो. कोल्हापुरी विकणाऱ्या दुकानदाराला सगळ्या गिऱ्हाइकांच्या पायाची सरासरी काढून काय उपयोग, त्याला कुठला नंबर जास्त खपतो तेवढं कळलं की बस. यावर परत येतो, कारण तिथं एका पोरानं माझी विकेट काढली.

मध्यकाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. फ्रान्सचा कूर्नो यानं १८४३ मध्ये मधल्या किमतीला नाव दिलं, इंग्रजीत मेडियन हा शब्द फ्रान्सिस गाल्टननं १८८१ च्या सुमारास वापरला. हा गाल्टन म्हणजे डोक्यानं तल्लख पण माणसांच्या जातकुळीबद्दल त्याची मतं घातक होती, युजेनिक्सचा, म्हणजे 'चांगल्या' वंशाच्याच माणसांची पैदास वाढवा म्हणणाऱ्या विचाराचा, तोच जनक, हे मी पोरांना लपवत नाही. तर इंग्लंडात प्लिमथला १९०६ साली जनावरांचं प्रदर्शन भरलेलं, तिथं एक धष्टपुष्ट बैल ठेवला आणि स्पर्धा लावली, सहा पेन्सचं तिकीट घ्यायचं आणि बैल कापून साफ केल्यावर मांस किती भरेल ते लिहून द्यायचं. आठशेच्या आसपास तिकिटं खपली. गाल्टननं ती नंतर मागून घेतली, नीट न वाचता येणारी बाजूला काढून ७८७ उरली, ती चढत्या क्रमानं लावली आणि बरोबर मधलं उचललं. त्यावर होतं १२०७ पौंड. खरं वजन निघालं ११९८ पौंड, म्हणजे साधारण ५४३ किलो. फरक फक्त ९ पौंडांचा! खाटीक होते, शेतकरी होते, नुसते हौशे-नवशे पण होते त्यात. १९०७ मध्ये त्यानं हे 'नेचर'मध्ये छापलं. त्याचं म्हणणं होतं की बहुमतानं निर्णय घ्यायचा तर मधला आकडा घ्या, सरासरी घेतली तर जो जास्त खुळ्यासारखं बोलेल त्याचं वजन जास्त पडतं.

खुळ्याचं वजन जास्त पडतं, हे वाक्य वर्गात दाखवायचंच असं ठरवलं. ओळखीच्या गुऱ्हाळावरनं गुळाच्या दहा किलोच्या रव्यातला (ढेपेतला) अर्धा तुकडा आणला, टेबलावर ठेवला, आणि एका रांगेतल्या नऊ जणांना चिठ्ठीवर वजन लिहायला सांगितलं. (बाकीच्यांचं लक्ष वजनापेक्षा तुकडा कधी फुटतोय यावरच.) आकडे आले ४, ५, ५, ६, ५, ७, ४, ६ आणि शेवटच्या बाकावरच्या महाशयांचे ४८. बेरीज ९०, सरासरी १० किलो. क्रमानं लावल्यावर पाचव्या चिठ्ठीवर ५. काट्यावर भरला ५ किलो २००. वर्ग थोडा वेळ गप्प झाला, मग एकजण म्हणाला, "ओ सर, एकट्यानं सगळ्यांची वाट लावली की!" मध्यकाची व्याख्या त्या दिवशी मी लिहून दिलीच नाही.

आता प्रामाणिकपणे एक सांगायला पाहिजे, जे न सांगताच ही गोष्ट सगळीकडं सांगितली जाते. गाल्टनला नंतर एका वाचकानं विचारलं, सरासरी किती येते? त्यानं काढून दिली, ११९७. म्हणजे ज्या मध्यकाची तो तरफदारी करत होता त्यापेक्षा सरासरीच जवळ आली, एका पौंडावर! कारण त्या गर्दीत ४८ किलो लिहिणारं आमच्यासारखं पात्र नसावं, चुकणारे दोन्ही बाजूंनी सारखेच चुकले. हे मी आठवीत सांगतो, बिनधास्त. मध्यक नेहमी भारी असा समज घेऊन पोरगं घरी गेलं तर तेही चूकच.

हे सगळं शाळेत कधी आलं म्हणाल तर त्याचा इतिहास तितकासा रंगतदार नाही. आपल्याकडं या शास्त्राला बूड दिलं ते महालनोबिसांनी, १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढून, त्यांचा २९ जून हा वाढदिवस आता सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. आणि आपल्या लोकांना माहीत नसतं पण पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग ज्यांनी उभा केला ते वसंत शंकर हुजूरबाजार हे मूळचे कोल्हापूरचे, जन्म १९१९ चा, १९७४ साली पद्मभूषण. कोल्हापुरात पैलवानांचे फोटो चौकाचौकात, यांचा एक तरी गणिताच्या वर्गात असावा. शाळेच्या पुस्तकांत मात्र हे बरीच वर्षं वरच्या वर्गांचं प्रकरण मानलं जायचं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीच्या पुस्तकात सातवीलाच तिन्ही एकत्र आली. आपल्या बालभारतीच्या २०१७-१८ च्या पुस्तकांत सातवीला सरासरी, आठवीला वारंवारता सारणीवरनं मध्य, आणि मध्यक-बहुलक नववीला. म्हणजे स्टेट बोर्डाच्या पोराला दोन वर्षं हातात एकच हत्यार. म्हणून मी आठवीतच तिन्ही उरकतो, कुणी काही म्हणो.

तर ती चप्पल लाईन. ४८ वाला महाशय, त्याच्या मामाचंच तिथं दुकान निघालं. गुळाच्या प्रकारानंतर चारच दिवसांत तो वहीच्या पानावर एका रविवारची विक्री उतरवून घेऊन आला, नंबरप्रमाणं उभ्या रेघा मारून, पाचवी आडवी. ५ नंबरला १४ जोड, ८ नंबरला १४ जोड, ६ ला नऊ, ९ ला आठ, आणि ७ ला तीन. मला विचारतो, "सर, बहुलक ५ का ८? आणि मधी हा खड्डा कसला?" पुस्तकातल्या उदाहरणांत बहुलक बहुतेक वेळा एकच असतो, त्यामुळं मी जरा अडखळलो. पिअर्सनपुढंही हाच प्रश्न आलेला, मोड हा शब्द काढायच्या आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये. नेपल्सच्या समुद्रातल्या खेकड्यांची मापं होती, आलेख एका बाजूला कललेला, नीट बसेना, तर त्यानं तो दोन वेगळ्या गटांत फोडून दाखवला. मी एवढंच म्हटलं, "तूच सांग, खड्डा का पडला असंल?" पोरानं कागद उलटसुलट केला, डोकं खाजवलं आणि म्हणालं, "थांबा सर, लेडीज आणि जेन्ट्स एकातच मोजलंय मी."

कागद घेऊन परत मामाकडं गेलाय. येत्या रविवारी दोन रकाने करून आणतो म्हणालाय.