घाट बंद म्हणे, मग जायचं कुठून?

पावसाळ्यात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या बोरघाटातून जायचं असताना मोबाईलवर "आडोशीला दरड आली, मुंबई लेन बंद" असा मेसेज आला की पहिला प्रश्न एकच असतो, जुन्या हायवेने जाऊ का? आणि घाट नेहमी उतरणारे ड्रायव्हर यावर हसतात, कारण त्या टप्प्यात जुना आणि नवा असे दोन वेगळे रस्ते नाहीतच. आडोशी बोगद्यापाशी एक्स्प्रेसवे आणि जुना हायवे एकत्र येतात ते थेट खंडाळा एक्झिटलाच सुटे होतात. म्हणजे एक्स्प्रेसवेच्या ६ लेन आणि जुन्या हायवेच्या ४, अशी १० लेनची वाहतूक ६ लेनमध्ये कोंबायची, आणि त्यातल्या ३ दगडाखाली गेल्या की मग बसा.

ही अडचण आजची नाही, बोरघाटाने माणसाला कधी सुखाने वर चढू दिलेलंच नाही. आधी बैलांच्या पाठीवर माल लादून वर न्यायचे, मग १८३० साली इंग्रजांनी गाडीरस्ता काढला, १८६३ ला रेल्वे चढली. वर चढायची वाट एका धनगराने दाखवली आणि त्यालाच गोळी घातली अशी गोष्ट सांगतात, तो शिंग्रोबा. त्याच्या देवळापाशी आजही ट्रकवाले खिडकीतून नाणं टाकून हात जोडतात. त्याच १८३० चा अमृतांजन पूल, ज्याला बामाच्या जाहिरातीवरून नाव पडलं, तो इतकी वर्षं एक्स्प्रेसवेच्या मधोमध खांब रोवून उभा होता, शेवटी एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनला रस्ता रिकामा मिळाला तेव्हा सुरुंग लावून पाडला. वाईट वाटलं खरं, पण त्याच्याखाली अडकून बसलेल्यांना विचारा.

दगड का येतात, तर डोंगर एकसंध कातळाचा नाही. लाव्हाचे थरावर थर बसलेत, मधे काही ठिकाणी तांबड्या मातीचे मऊ पट्टे, आणि कातळाला उभ्या भेगा. पाऊस भेगांत मुरतो, मऊ पट्टा भिजून फुगतो, त्यात रस्त्यासाठी पायथा कापून भिंत उभी केलेली, मग वरचा धोंडा किती दिवस टिकणार. सगळं पाणी एकाच रात्री पडायला पण लागत नाही, आठ दिवसांच्या झडीने भिजलेला दगड नवव्या दिवशी उघडीप असतानाही येतो. त्यामुळे "आज तर ऊन आहे" म्हणून निघणाऱ्याचं मला आश्चर्य वाटतं.

१९ जुलै २०१५, रविवार, पुण्याहून लोक परत मुंबईला निघालेले आणि आडोशीला दरड थेट गाड्यांवर आली, माणसं गेली. त्यानंतर लूज दगड शोधून काढायचं काम गाजावाजा करून झालं, दोरावर लटकून माणसं पहारीने दगड पाडत होती आणि त्यासाठी लेन बंद. मग जाळ्या लागल्या. तरी २३ जुलै २०२३ ला, पुन्हा रविवारीच, रात्री तिथेच दरड आली. चारच दिवस आधी जवळच्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला होता, त्यामुळे सगळ्यांचा जीव आधीच टांगणीला. दुसऱ्या दिवशी राहिलेले दगड काढायला दुपारी १२ ते २ ब्लॉक घेतला, रस्त्याला पण आता लोकलसारखा ब्लॉक.

या ब्लॉकमध्ये अडकलेल्यांचं जग वेगळंच असतं. भरलेला ट्रक चढावर थांबला की क्लीनर आधी उडी मारून चाकामागे दगड लावतो, मग बाकीचं. दहा मिनिटांनी गाडी पाच फूट सरकते, दगड उचल, पळ, परत लाव, असं तासभर. कारवाले तोवर क्लच जाळत बसलेले, एसी बंद केला तर काचांवर वाफ, चालू ठेवला तर इंजिन तापल्याचा काटा वर. मी एकदा असाच चार तास बसलो होतो, शेजारच्या टेम्पोवाल्याने डब्यातली चपाती-ठेचा दिला आणि म्हणाला, "घाटात निघताना पोटभर पाणी नाय प्यायचं". हे मी लक्षात ठेवलंय.

बाकी पर्याय म्हणजे माळशेज नाहीतर ताम्हिणी, पण ते पण घाटच, तिथे पण तोच कातळ आणि तोच पाऊस, रस्ता त्यात अरुंद. वरंध तर पावसाळ्यात कित्येकदा बंदच ठेवतात. मॅप बिनधास्त तिकडे वळवतो, त्याला काय, त्याला चाकामागे दगड लावायचा नसतो. जड वाहनांना तर तो पण चॉइस नाही, घाट सुटेपर्यंत खाली थांबवून ठेवतात आणि आतला भाजीपाला पिकत जातो.

खोपोली एक्झिट ते कुसगाव असा १३.३ किमीचा मिसिंग लिंक, म्हणजे घाटाचा हा टप्पा टाळणारा नवा रस्ता, ठरला तो यातूनच, ६ किमी अंतर कमी हे खरंच, पण ड्रायव्हर लोकांना त्यातलं एकच आवडलं, तो आडोशीच्या भिंतीखालून जात नाही.