सातपुड्यावरचं आकाश गुलाबी नव्हतं

मागच्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. इंग्रजांच्या काळातलं कुठलंतरी वॉटरकलर, डोंगर, निळसर झाडी आणि वर तांबूस-गुलाबी ढग, खाली लिहिलेलं की बघा, तेव्हा प्रदूषण नव्हतं म्हणून सातपुड्यावरचं आकाश भरदुपारीसुद्धा असं गुलाबी असायचं. पन्नास जणांनी हात जोडले. मला राहवलं नाही, कारण हे आकाशाचं नाही, रंगाच्या वडीचं प्रकरण आहे.

आधी आपल्या डोळ्यासमोरचं घ्या. जळगाव-भुसावळ रस्त्यावरच्या कुठल्याही टपरीवरचं जुनं पोस्टर निळं पडलेलं असतं, कारण छपाईतली पिवळी आणि किरमिजी शाई उन्हात आधी उडते आणि निळी मागे राहते. ओळखीतल्या एका घरी देवीची फ्रेम अशीच निळी पडली तर कोप झाला म्हणून मोठी पूजा घालायचं चाललं होतं, आणि फ्रेमच्या बरोब्बर समोर पश्चिमेची उघडी खिडकी! पूजा मनापासून करा, पण कोपाच्या भीतीने नको, आणि खिडकीला पडदा लावा.

आता मूळ मुद्दा. 1818 ला खान्देश कंपनी सरकारकडे गेला, तेव्हा कॅमेरा नव्हता. किल्ला, घाट, नदीचा उतार कागदावर आणायचा तर हातानेच, म्हणून कंपनीच्या अ‍ॅडिसकोंबच्या लष्करी शाळेत (ही 1809 ची) सर्व्हेबरोबर ड्रॉइंगही शिकवायचे. वॉटरकलर सोयीचं, छोटी पेटी, थोडं पाणी, आणि आपल्याकडच्या उन्हात तर हात फिरेपर्यंत वाळतं. असे रंग म्हणजे बारीक पूड आणि ती कागदाला धरून ठेवायला बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, बस.

पावसाळी ढगांचा करडा रंग करायची तेव्हाची नेहमीची युक्ती म्हणजे नीळ आणि तांबडी माती एकत्र करायची. नीळ झाडापासूनची, तांबडी म्हणजे आपली गेरूच. खरी गंमत इथे आहे, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

निळीच्या रेणूत कार्बनचे एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे त्यातले इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले नसतात, लांबवर पसरलेले असतात, आणि असे पसरलेले इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेचा केशरी-तांबडा प्रकाशसुद्धा शोषतात, उरतो तो निळा आपल्याला दिसतो. म्हणजे रंग त्या साखळीत आहे, आणि साखळीच्या बरोबर मधोमध एक दुहेरी बंध आहे. प्रकाश पडला की रेणू उत्तेजित होतो, हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा हाताशी असला की तो मधला बंध तुटतो आणि एका रेणूचे दोन तुकडे होतात. त्या तुकड्याला इसॅटिन म्हणतात, तो फिकट पिवळट-नारिंगी. साखळी तुटली की निळा संपला. गेरूत मात्र अशी साखळीच नाही, तो लोहाचा ऑक्साइड, म्हणजे आधीच गंजलेलं लोखंड, ऑक्सिजन त्याचं आणखी काय वाकडं करणार? तर करड्या ढगातली नीळ गेली, गेरू राहिला, आणि ढग गुलाबी झाला!

झाडांचं याच्या उलट. हिरव्यासाठी कधी प्रशियन ब्लूमध्ये (हा रसायनापासून बनवलेला गडद निळा) झाडाच्या चिकाचा नाहीतर सालीचा पिवळा मिसळायचे. यात पिवळा कच्चा, तो आधी जातो, म्हणून झाडं निळी.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. रसेल आणि अ‍ॅबनी या दोन शास्त्रज्ञांनी 1888 मध्ये इंग्लंडात यावर सरकारी अहवाल दिला. रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून उन्हात ठेवल्या, काही नळ्यांत साधी हवा, काहींत कोरडी, काहींत दमट, काही निर्वात. दमट हवेत रंग जास्त उडाले आणि निर्वात नळीत बहुतेक रंग टिकले. ऑइलपेंटमध्ये कण तेलाच्या थरात गुरफटलेले असतात, वॉटरकलरचा पातळ हात म्हणजे जवळपास प्रत्येक कण उघडा.

अजिंठ्याचा गेरू पंधराशे वर्षांनी अजून तांबडा आहे आणि तिथला निळा लाजवर्द दगडाचा, म्हणून तोही टिकला. त्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवणारा मेजर गिल 1879 ला वारला, त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. त्याच्या नकला तेलरंगातल्या, त्यातल्या बहुतेक 1866 च्या लंडनच्या आगीत जळाल्या, रंग उडायची वेळच आली नाही.

म्हणून गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, जुन्या वॉटरकलरचा रंग पुरावा म्हणून धरू नका. झाडी फिकट दिसते म्हणून तेव्हा उजाड होतं असं लिहू नका. 1803-04 च्या दुष्काळाने आणि लुटालुटीने खान्देश खरंच उजाड झाला होता, पण ते कागदपत्रांवरून कळतं, उडालेल्या हिरव्यावरून नाही. पेन्सिलच्या रेघेवर मात्र भरवसा ठेवा, ग्राफाइट म्हणजे शुद्ध कार्बन, उन्हाने त्याला काही होत नाही. बुरूज किती, पायऱ्या कुठे, ते रेघ सांगते. चित्राला माउंट (भोवतीची पुठ्ठ्याची चौकट) असेल तर जाणकाराकडून काढून घ्या, खालच्या झाकलेल्या कडेला बऱ्याचदा मूळ रंग सापडतो. एआयने 'ओरिजनल कलर' केलेल्या फोटोंना तर अजिबात भुलू नका, त्या अ‍ॅपला ढगात नीळ होती हे कुठून कळणार.

म्युझियममध्ये अशा चित्रांवर साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात. आपलं भरदुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास, म्हणजे अंगणातला एक तास म्हणजे म्युझियमचे साधारण 2000 तास.

पोरांना हे करून दाखवा. पांढऱ्या कागदावर एक पट्टा गेरूचा, एक हळदीचा, आणि एक हळदीत शाळेच्या पेटीतला निळा कालवून हिरवा. वाळला की अर्धा कागद स्टीलच्या ताटलीखाली झाकून मे महिन्यात गच्चीवर ठेवा. हळदीचा डाग उन्हात जातो हे घरातल्या बायांना माहीतच आहे. दोन-तीन दिवसांनी ताटली उचला आणि हिरव्या पट्ट्याचा उघडा अर्धा भाग कुठल्या रंगाचा झालाय ते बघा.