पायटॉर्चमधील डिव्हाइस मिसमॅच एरर

एकाच क्रियेतले टेन्सर (संख्यांच्या सारण्या) वेगवेगळ्या मेमरीत, म्हणजे एक सीपीयूवर आणि दुसरा जीपीयूवर असला, की पायटॉर्च ही मशीन लर्निंगची पायथन लायब्ररी ही एरर देते. ‘एक्स्पेक्टेड ऑल टेन्सर्स टु बी ऑन द सेम डिव्हाइस’ अशी तिची सुरुवात असते. पुढे सापडलेली दोन उपकरणे येतात, बहुधा ‘क्युडा:०’ (म्हणजे पहिला जीपीयू) आणि ‘सीपीयू’. पायटॉर्च टेन्सर आपणहून हलवत नाही, आणि ते योग्यच आहे. दोन मेमरींमधली प्रत महाग पडते. ती गुपचूप होऊ लागली तर ट्रेनिंग (मॉडेलला शिकवणे) का रेंगाळते हे शोधणे फार जड जाईल. अपवाद शून्य मितीच्या, म्हणजे एकच सुटी संख्या असलेल्या टेन्सरचा: जीपीयूवरच्या टेन्सरला सीपीयूवरच्या ‘टॉर्च.टेन्सर(२.०)’ने गुणता येते, पण ‘टॉर्च.टेन्सर([२.०])’ने गुणले की एरर येते.

संदेशाचा शेवट जरूर वाचावा. तिथे ‘मॅट१’ दिसले तर बहुधा लिनियर लेयरचा (मॉडेलच्या एका थराचा) इनपुट आणि वेट्स (त्या थराने शिकलेल्या संख्या) यांची फारकत झालेली असते. ‘इंडेक्स_सिलेक्ट’मधला ‘इंडेक्स’ दिसला तर एम्बेडिंगला (शब्दांचे तुकडे संख्यांत बदलणाऱ्या थराला) दिलेले टोकन-क्रमांक सीपीयूवरच राहिलेले असतात. क्युडाच्या कित्येक एरर उशिरा उमटतात आणि भलतीच ओळ दाखवतात. ही मात्र गणना सुरू होण्याआधीच्या तपासणीत येते, म्हणून ट्रेसबॅकमधल्या (एरर कुठे आली ते दाखवणाऱ्या यादीतल्या) ओळीवर भरवसा ठेवावा आणि तिच्या आधी प्रत्येक टेन्सरचे ‘.डिव्हाइस’ छापून पाहावे.

सर्वांत जास्त फसगत ‘.टू()’ची होते. मॉडेलवर ‘मॉडेल.टू(डिव्हाइस)’ एवढे पुरते, कारण मॉड्यूल जागच्या जागी बदलते. टेन्सरवर तीच हाक नवा टेन्सर परत देते; ‘एक्स = एक्स.टू(डिव्हाइस)’ असे पुन्हा नावाला बांधले नाही, तर जुना ‘एक्स’ होता तिथेच राहतो.

एरर दिसली की त्या ओळीवर ‘.टू()’ चिकटवण्याची सवय वाईट. एरर जाते, पण दर बॅचला (डेटाच्या प्रत्येक गटाला) एक फुकटची प्रत होत राहते. टेन्सर जिथे तयार होतो तिथेच तो योग्य जागी घडवावा. मॉडेलची गणना करणाऱ्या ‘फॉरवर्ड’मध्ये मास्क (काही जागा झाकणारा टेन्सर) हवा असेल तर ‘टॉर्च.झीरोज’ला ‘डिव्हाइस=एक्स.डिव्हाइस’ द्यावे किंवा ‘झीरोज_लाइक’ वापरावे. ‘क्युडा:०’ कोडमध्ये ठोकून लिहिले, तर दुसऱ्या जीपीयूवर तेच कोड पुन्हा अडते.

‘सेल्फ.पोझिशन = टॉर्च.अरेंज(५१२)’ असा साधा टेन्सर मॉडेलबरोबर हलत नाही; तो ‘रजिस्टर_बफर’ने नोंदवावा, आणि चेकपॉइंटमध्ये (मॉडेल साठवलेल्या फाइलमध्ये) नको असेल तर ‘पर्सिस्टंट=फॉल्स’ द्यावे. पायथनच्या साध्या लिस्टमध्ये ठेवलेले लेयरही मागेच राहतात. इथे एरर आली हे उत्तमच, कारण ते लेयर ‘मॉडेल.पॅरामीटर्स()’मध्येही नसतात, सगळे सीपीयूवर चालवले असते तर एरर आलीच नसती आणि ते लेयर शिकलेही नसते. त्यांना ‘मॉड्यूललिस्ट’मध्येच ठेवावे. ‘क्रॉसएन्ट्रॉपीलॉस’ला (चूक मोजणाऱ्या लॉसला) वर्गांचे वेट्स दिले असतील, तर त्या लॉसलाही ‘.टू(डिव्हाइस)’ लागते.

ट्रेनिंग अर्ध्यातून पुन्हा सुरू करताना क्रम पाळावा: आधी मॉडेल जीपीयूवर, मग ऑप्टिमायझर (वेट्स सुधारणारा भाग), त्यानंतर त्याची जुनी स्टेट (साठवलेली स्थिती). मॉडेल सीपीयूवर असतानाच स्टेट भरली आणि नंतर मॉडेल हलवले, तर ॲडम या ऑप्टिमायझरने साठवलेल्या सरासऱ्या सीपीयूवर राहतात आणि एरर थेट ‘ऑप्टिमायझर.स्टेप()’मध्ये येते.

इंडेक्सिंगचा नियम एकतर्फी आहे. जीपीयूवरच्या टेन्सरला सीपीयूवरचे इंडेक्स चालतात, उलटे चालत नाही.

पायटॉर्च २.० पासून नवे टेन्सर कुठे घडावेत हे ठरवणारे ‘टॉर्च.सेट_डिफॉल्ट_डिव्हाइस’ आहे. नोटबुकात प्रयोग करताना ते सोयीचे पडते; मात्र ‘फ्रॉम_नमपाय’ने (नमपाय या दुसऱ्या लायब्ररीतून) आलेले टेन्सर त्यानंतरही सीपीयूवरच येतात.