वीस टक्के इथेनॉल आणि मायलेज: वादाची पार्श्वभूमी

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मायलेज घटते, अशी तक्रार आहे; त्यावर इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, म्हणजे फायदाच, असे उत्तर दिले जाते. नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक, टाळण्यासाठी पेट्रोलात शिसे घालण्याची पद्धत 1920 च्या दशकात सुरू झाली. भारतात ती 2000 साली संपली. पुढच्याच वर्षी मनमाड आणि मिरज इथे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प झाले; इथेनॉलचा कच्चा माल असलेली साखर कारखान्यांची मळी हाताशी असल्याने महाराष्ट्र यात सुरुवातीपासून होता. 2003 मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, पण पुरवठ्याअभावी ते बरीच वर्षे रेंगाळले. 2018 च्या धोरणाने उसाच्या रसापासूनही इथेनॉल करण्याची वाट खुली केली आणि 2030 साठी वीस टक्क्यांचे लक्ष्य ठेवले.

आजच्या वादाचे मूळ हे लक्ष्य 2025 वर आणण्यात आहे. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचा आकडा, साधारण 108, नेहमीच्या पेट्रोलचा 91. शिवाय वाफ होताना ते जास्त उष्णता शोषते, त्यामुळे सिलिंडरमधली हवा थंड राहते. म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (पेटण्यापूर्वी सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) वाढवून इंजिनाची कार्यक्षमता खरोखरच वाढवता येते. मात्र लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रणात ही तूट सहा-सात टक्क्यांची. जुन्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ठरलेला असतो. वाढीव ऑक्टेनचा त्याला फारसा उपयोग नाही, तूट मात्र पूर्ण सोसावी लागते. "ऑक्टेन वाढला, म्हणजे फायदाच" हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे.

2021 च्या सरकारी आराखड्यात हे सगळे लिहिलेले होते. दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी, दुचाकींचे तीन-चार टक्क्यांनी घटेल, हा अंदाज त्यातलाच. वीस टक्क्यांसाठी जुळवलेली इंजिने एप्रिल 2025 पासून यावीत, जुन्या वाहनांसाठी दहा टक्क्यांचे पेट्रोल मिळत राहावे आणि नव्या मिश्रणाची किंमत कमी असावी, असेही त्यात सुचवले होते.

दहा टक्के मिश्रण जून 2022 मध्येच साधले आणि वेग वाढला. डिसेंबर 2023 मध्ये अपुऱ्या पावसामुळे उसाच्या रसावर निर्बंध आले तरी मक्यापासून केलेल्या इथेनॉलच्या जोरावर 2025 मध्ये वीस टक्केही गाठले गेले. इंधन वेळेआधी पोहोचले. रस्त्यावरची बहुसंख्य इंजिने जुनीच होती. बहुतेक पंपांवर दहा टक्क्यांचा पर्याय उरला नाही. किंमतही उतरली नाही, कारण तोवर इथेनॉलचा खरेदी दरच शुद्ध पेट्रोलच्या उत्पादनखर्चापेक्षा वर गेला होता.