निळीच्या पुरचुंडीतला पिंजरा

चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या घरी आजी रविवारी पांढरे कपडे धुवायची. शेवटच्या पाण्यात नीळ. पुडी थेट बादलीत कधी ओतायची नाही. फडक्यात बांधून पुरचुंडी करायची आणि पाण्यात दोन-चारदा हलवायची, म्हणजे कपड्यांवर डाग पडत नसत. दिवाळीआधी भिंतींना चुना लागायचा, त्यातही चिमूटभर तीच नीळ. जुनं सुती कापड पिवळट पडतं, निळ्याने तो पिवळेपणा मरतो आणि कापड शुभ्र दिसतं, एवढं शाळेत असतानाच कळलं होतं. पण ही भुकटी मुळात आहे काय, हे मी रसायनशास्त्र शिकवायला लागल्यावर समजून घेतलं.

नावावरून ती निळीच्या झाडाची वाटते, पण पुडीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. लाजवर्द दगडात जे निळं खनिज असतं, त्याचीच ही कारखान्यात जन्मलेली जुळी बहीण. लाजवर्द, म्हणजे संस्कृतातला राजावर्त, हजारो वर्षं अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून येत आला आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांना गेरू आणि पिवळी माती जवळपास मिळाली, हिरवा रंग तर आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतल्या हिरव्या मातीतून. निळ्यासाठी मात्र लाजवर्द पार तिकडून आणावा लागला. युरोपात तो समुद्रापलीकडून पोचायचा, अल्ट्रामरीन या शब्दाचा अर्थच तो.

हा दगड नुसता कुटला तर राखाडी पूड हाती येते, कारण त्यात पांढरं कॅल्साइट मिसळलेलं असतं. म्हणून युरोपातले रंगकर्मी ती पूड मेण, राळ आणि तेलात मळून तिचा गोळा करत आणि राखेच्या खाऱ्या पाण्यात तो गोळा दाबत बसत. निळे कण हळूहळू पाण्यात उतरत, बाकीचा कचरा गोळ्यातच अडकून राही. त्या काळी हा निळा सोन्याच्या तोलाचा समजला जाई, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

मोरचूद निळा असतो तांब्यामुळे. लाजवर्दाचा निळा तांब्याचा नाही, कोबाल्टचाही नाही. तो आहे गंधकाचा, त्याच पिवळ्या गंधकाचा! गंधकाचे तीन अणू एकत्र येतात, एक जादा इलेक्ट्रॉन घेतात आणि पिवळा-नारिंगी प्रकाश शोषतात. आपल्या डोळ्यांपर्यंत उरतो तो निळा. हे त्रिकूट उघड्या हवेत टिकत नाही. अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या पिंजऱ्यात कोंडलेलं असतं म्हणूनच ते शतकानुशतकं तसंच राहतं.

माझ्या टेबलावर तुर्भ्याच्या दगडखाणीतून आलेला मुठीएवढा तुकडा आहे. पारसिकच्या डोंगराचा हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत राहिले आणि त्या पोकळ्यांत पुढे स्टिलबाइटचे मोतिया रंगाचे स्फटिक वाढले. स्टिलबाइट हे झिओलाइट. त्याचाही सांगाडा अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचाच, पोकळ्यांनी भरलेला. फक्त त्या पोकळ्यांत गंधक नाही, पाणी आहे. म्हणजे पिंजरा आपल्या डोंगरातही आहे, आतला पक्षी वेगळा. दख्खनच्या दगडात निळं खनिज मुळीच नाही असंही नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हनसाइट सापडतं, व्हॅनेडियममुळे झगझगीत निळं. पण ते इतकं थोडं की संग्राहकच त्याच्यावर जीव टाकतात.

1824 मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने स्वस्त कृत्रिम अल्ट्रामरीन बनवणाऱ्याला 6000 फ्रँकचं बक्षीस लावलं. 1828 मध्ये ते ज्याँ-बाप्तिस्त गिमे यांना मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवायचा. आधी हिरवट माल तयार होतो, मग हवा लागली की तो निळा होतो. राजेरजवाड्यांचा रंग अशा रीतीने आजीच्या बादलीत आला.

चुन्यासारख्या क्षारात हा पिंजरा शाबूत राहतो, म्हणून आमच्या भिंतीवरची निळसर झाक टिकायची. आम्ल मात्र त्याला सोसत नाही. खिडकी उघडी ठेवा, बशीत चिमूटभरच निळीची भुकटी घ्या (बाटलीतली पातळ नीळ नको, तो वेगळा रंग) आणि वर लिंबू पिळून थांबा. रंग फिका पडू लागतो, आणि जरा लक्ष दिलं तर कुजक्या अंड्यासारखा पुसट वास येतो. पिंजरा मोडला, गंधक बाहेर पडलं. मी हा प्रयोग मुलांना दाखवते तेव्हा बशीशेजारी तो तुर्भ्याचा तुकडा ठेवते. तास संपेपर्यंत बशीतलं निळं विरत विरत त्या दगडातल्या स्फटिकांसारखं पांढुरकं होत जातं.